के म्हणजे किती

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा नुकतीच भरली होती. मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत डबा उघडून बसले होते, तेवढ्यात ती दारात दिसली. आमच्या शाळेची गेल्या वर्षीची पहिली. दहावीला तिला गणितात शंभरातले ब्याऐंशी मिळाले होते. आता ती नागपूरला अकरावी सायन्सला जात होती. मला तिला ओळखायला क्षणभर उशीर झाला, इतकी ती वाळली होती.

"काय गं, कॉलेज काय म्हणतं?"

पिशवीतून दोन कागद काढून तिने माझ्यापुढे ठेवले. एक सहामाहीचा गणिताचा पेपर होता. वर लाल शाईत अकरा. शंभरापैकी. दुसरा कागद म्हणजे सायन्स सोडून आर्ट्सला जाऊ द्यावं असा अर्ज. खाली तिच्या वडिलांची सही होऊन गेली होती.

"शनिवारपर्यंत ऑफिसात द्याचा हाय," ती म्हणाली. "त्याच्या आंधी तुमाले एक विचाराचं होतं."

तिने पेपरातल्या एका प्रश्नावर बोट ठेवलं. वर्गसमीकरण होतं. त्यात एका जागी आकड्याऐवजी के होता, आणि दोन्ही मुळं समान असतील तर के ची किंमत काढा, असं विचारलं होतं.

"याच्यात के म्हणजे किती, हे देल्लंच नाही बाई. मी सूत्र लिहिलं. ए टाकला. बी टाकाले गेली, त तिथं के. मंग थांबली. माह्या बाजूच्या पोट्टीनं तसंच पुढं सोडवलं. तिले काहून आलं अन मले काहून नाही?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरंच विचारत होती. आणि मला उत्तर ठाऊक होतं. दहावीच्या पाठ्यपुस्तकात तो भाग होता, पान दीड पान. दर वर्षी त्या पानावर आलो की मी वर्गाला सांगायची, पेन्सिलीने फुली मारा, हे पेपरात येत नाही.

माझी पदवी वनस्पतीशास्त्राची. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले, आणि गणिताचे जुने सर निवृत्त झाल्यावर गणितही माझ्याकडे आलं. मी ते गाइडातून शिकले आणि गाइडातूनच शिकवलं. कोणत्या नमुन्याचं उदाहरण आलं की कोणतं सूत्र लावायचं, एवढं मुलं घोकून घोकून पक्कं करायची. निकाल छान लागायचा. दहावी-बारावीचा नवा पॅटर्न येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, कॉलेजातला अभ्यास एकदम चढला होता, पण शाळेच्या बोर्डावर आमची टक्केवारी खडूने मोठ्या अक्षरात लिहिलेली असायची आणि त्यापलीकडे कुणी बघत नव्हतं. मी तर नाहीच.

"फिजिक्सचं काय?" मी विचारलं.

"प्रॅक्टिकलले व्हर्नियर देल्ला होता. मी उलटा धरला. सारे हसले." ती खाली बघत म्हणाली. "सर इंग्रजीत ॲक्सिलरेशन ॲक्सिलरेशन म्हणत राहिले. ते म्हणजे आपलं त्वरण, हे मले दसऱ्याले समजलं."

बारीक मापं घ्यायचा तो व्हर्नियर कॅलिपर आमच्या शाळेत होता. कपाटात, कुलपात. इन्स्पेक्शनला बाहेर निघायचा आणि परत आत जायचा. मी तिला त्याचं चित्र काढायला शिकवलं होतं. नावांसकट. चार मार्कांचं.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर त्यांच्या क्वार्टरवर गेले. तिचे वडील वीज केंद्रात राख काढायच्या विभागात होते. पाळी करून आले होते, भुवयांवर अजून राख होती. मला बघून ते उठून उभे राहिले. "बसा जी," म्हणाले, आणि आतल्या दिशेने, "चहा मांड वं."

मी अर्जाचा विषय काढला. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, मुलीचं शिक्षण पुरे म्हणतील, आणि त्याला द्यायची उत्तरं मी वाटेत जुळवून ठेवली होती. ती सगळी वाया गेली.

"धम्माची दीक्षा घेतली तवा मी वीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "तवाच ठरवलं होतं, पोरं शिकवाची. ही शिकनच. पन बाई, पोट्टी जेवत नाही. पुस्तक घेऊन बसते अन रडत राहते. कॉलेजच्या बसमधी बसली का पोट दुखते तिचं. आर्ट्स घेईन, मास्तरीण होईन. तुमच्यासारखी. त्याच्यात का वाईट हाय?"

"तिला सायन्स जमेल," मी म्हणाले. "वार्षिक परीक्षेपर्यंत मला द्या."

"अन नापास झाली त?"

"तर चूक माझी."

"चूक तुमची राहीन," ते म्हणाले, "पन साल त तिचं जाईन ना."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. वडिलांनी तिला विचारलं, "तू काय म्हंतं?" तिने फक्त अर्ज उचलला आणि घडी घातली. फाडला नाही. पिशवीत परत ठेवला. शनिवार अजून चार दिवस लांब होता.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे कपाटाची किल्ली मागितली.

"कशाला?"

"माजी विद्यार्थिनी आहे. व्हर्नियर हातात धरून बघायचाय तिला."

"बाई, ते सामान इन्स्पेक्शनला मोजून दाखवावं लागतं. तुटलं, हरवलं तर?"

"मी लिहून देते."

"आणि आजवर कुणाला लागला नाही तो? आपला निकाल काय वाईट आहे?" त्यांनी किल्ली दिली, पण माझ्याकडून खरंच लिहून घेतलं.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी आणि ती एकाच बसने नागपूरला गेलो. अर्ज तिच्या पिशवीत होता. ऑफिस दोन वाजता बंद व्हायचं. त्याआधी मला तिच्या गणिताच्या प्राध्यापकांना भेटायचं होतं.

ते रिकाम्या वर्गात पेपर तपासत बसले होते. पन्नाशीचे, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी ओळख सांगितली, मुलीच्या मार्कांचं सांगितलं, तिला सुधारायला काय करावं ते विचारलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि माझ्यापुढे खडू धरला.

"वर्गसमीकरणाचं सूत्र लिहा."

मी फळ्यावर लिहिलं. ते सूत्र मी झोपेतही लिहिलं असतं.

"आता हे आलं कुठून, ते दाखवा."

मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. सात वर्षं मी ते सूत्र शिकवत होते. ते कुठून तरी येतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी एक ओळ लिहिली, पुसली. दुसरी लिहिली. मागे माझी विद्यार्थिनी पहिल्या बाकावर बसली होती. माझ्या पाठीला तिची नजर कळत होती. खडू बोटांत ओला झाला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी खडू खाली ठेवला.

"मला येत नाही," मी म्हणाले.

मला वाटलं ते हसतील किंवा टोमणा मारतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. "तुमच्या शाळेतून आलेल्यांत ही पाचवी," ते म्हणाले. "चारजण सोडून गेले. माझ्याकडे विचारायला शाळेतून आलेल्या तुम्ही पहिल्या. बसा."

मी मुलीच्या शेजारी बाकावर बसले. त्यांनी फळ्यावर एक चौरस काढला. त्याच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या चिकटवल्या. चौरसाची बाजू एक्स, प्रत्येक पट्टी तीन रुंद. "सगळं मिळून क्षेत्रफळ सोळा. एक्स किती?"

मी मनात सूत्र शोधत होते. शेजारून हळू आवाज आला.

"सर, कोपरा रिकामा राहिला."

"किती रिकामा?"

"तीन गुणिले तीन. नऊ." ती पुढे सरकली. "तो भरला त अख्खा चौरस होते. सोळा अन नऊ पंचवीस. म्हणजे बाजू पाच. म्हणजे एक्स दोन."

तिने हे सूत्राशिवाय केलं होतं. माझ्या आधी केलं होतं. मला लाज वाटत होती, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की दोन्ही एकत्र सहन होईनात. प्राध्यापकांनी हाच चौरस आकड्यांच्या जागी अक्षरं घालून परत काढला, आणि शेवटी फळ्यावर ते सूत्र उभं राहिलं.

"के म्हणजे किती हे दिलेलं नसतं," त्यांनी तिला सांगितलं. "म्हणून तर त्याला के म्हणायचं."

घड्याळात दोनला पाच कमी होते. मी तिच्याकडे बघितलं. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. ती उठली नाही.

त्यानंतरचे महिने सोपे गेले नाहीत. दर शनिवारी एक वाजता आम्ही दोघी प्राध्यापकांपुढे त्या बाकावर बसायचो आणि दोघींना गृहपाठ असायचा. रोज संध्याकाळी ती बसमधून उतरून सरळ शाळेत यायची. मी तिला व्हर्नियर हाती दिला तेव्हा तिने आधी पेन्सिल मोजली, मग नाणं, मग हातातली बांगडी. एका वहीत आम्ही डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे इंग्रजी लिहीत गेलो. पण जानेवारीच्या चाचणीत तिला पंचवीसपैकी सातच पडले. त्या दिवशी ती मला म्हणाली, "बाई, बाबानं सही केली होती तवाच देऊन टाकाले पाहिजे होता अर्ज." वडील वाटेत भेटायचे तेव्हा नमस्कार करायचे आणि काही विचारायचे नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी रस्ता बदलून जायला लागले होते.

वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपराला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कॉलेजच्या फाटकाशी उभी राहिले. नागपूरचं एप्रिलचं ऊन, पाय भाजत होते. मुलं बाहेर आली, ती सगळ्यात शेवटी आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"कसा गेला?"

"दोन सोडले. बाकीचे लिहिले." मग थोडं चालून गेल्यावर, "जे लिहिले ते मले समजून राहिले होते बाई."

निकालाच्या दिवशी वडील स्वतः शाळेत आले, तिला मागे ठेवून. मी वर्गाबाहेर आले. त्यांनी खिशातून गुणपत्रिका काढून माझ्या हातात दिली. गणितात चव्वेचाळीस, फिजिक्समध्ये एक्केचाळीस. ब्याऐंशीवाल्या मुलीचे चव्वेचाळीस.

"पास हाय," ते म्हणाले. "जेवून बी राहिली." आणि गुणपत्रिका परत घेऊन, घडी करून, पाळीवर निघून गेले.

तिला इंजिनिअरिंग मिळालं नाही. ती बी.एस्सी. झाली, रसायनशास्त्रात, आणि बऱ्याच वर्षांनी त्याच वीज केंद्रात बॉयलरचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली.

मी मात्र शाळेत गोत्यात आले. नव्या सत्रापासून मी पेन्सिलीच्या फुल्या बंद केल्या. सूत्राआधी चौरस काढायला लावले, कपाट उघडंच ठेवलं. त्या वर्षी दहावीचा गणिताचा निकाल चांगलाच खाली आला. बोर्डावर टक्केवारी लिहिली गेली नाही. पालक तक्रार घेऊन आले, मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, कॉलेजची काळजी कॉलेज करील. तुम्हाला दहावीचा पगार मिळतो ना?" पुढची काही वर्षं दहावीचं गणित माझ्याकडून काढून घेतलं. मी आठवी-नववीला तेच करत राहिले. तिसऱ्या वर्षी मी घडवलेली मुलं दहावीला पोचली, निकाल जागेवर आला, आणि त्यांच्यातली सहाजण सायन्सला जाऊन टिकली, तेव्हा कुठे दहावी परत मिळाली.

एकदा नागपूरच्या प्रताप नगरात, माझ्या घराजवळच्या किराणा दुकानात, एका माणसाने वाकून नमस्कार केला. माझ्या दहावीच्या पहिल्या बॅचचा विद्यार्थी. प्राध्यापकांनी सांगितलेल्या त्या चौघांमधला एक. अकरावीत दोनदा बसून त्याने कॉलेज सोडलं होतं, आता एका गोदामात हिशेबनीस होता. बायकोला म्हणाला, "ह्या आमच्या गणिताच्या बाई. लय मस्त शिकवायच्या. माह्याच डोक्यात गणित नव्हतं."

मी तिथल्या तिथे त्याला सांगितलं, "नाही रे. तुझ्या डोक्यात होतं. मीच नीट शिकवलं नाही."

तो हसला. "काय बाई, मोठं मन हाय तुमचं," म्हणाला. मी परत सांगितलं, जरा मोठ्याने. दुकानदार बघायला लागला. त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. पण तो मान हलवत, हसतच राहिला. त्याला ते पटलं नाही.