शांतीलालचं हैदराबाद

शांतीलाल गेल्याचं मला जालन्याच्या मोटार स्टँडवर राजूरच्या गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. श्रावण संपत आला होता. थोड्याच दिवसांपूर्वी मी त्याला भेटून आलो होतो. छातीत पाणी झालेलं, बोलताना धाप लागायची, तरी माझं मनगट धरून म्हणाला, "यंदा मला जाणं व्हत न्हाई. मंग तूच जा हैदराबादला. माफ केलं का, एवढंच इचार त्याला."

नाव शांतीलाल, पण इतका तापट माणूस मी राजुरात दुसरा पाहिला नाही. दिवेलागणीच्या आत जेवणारा, कांद्याला न शिवणारा हा जैन माणूस वाद झाला की सरळ तागडी भिरकावायचा. निजामी संपायच्या आधीच्या उन्हाळ्यात एका टोळीनं त्यांचं दुकान फोडलं आणि धाकट्या भावाला, कांतीला, दारातच कापलं. प्रेत उचलायला मी होतो. मान धडाला नुसती लोंबत होती... याहून जास्त लिहवत नाही. टोळीनं घरातला कपडालत्ताही नेला, त्यात कांतीचा लग्नातला कोट गेला. त्याचं एक शिंगाचं बटण हरवलं म्हणून आईनं तिथं पितळेचं लावलं होतं.

पाचेक वर्षांनी आम्ही दोघं हैदराबाद बघायला गेलो. त्याच्या सोयऱ्यांकडे उतरलो. सकाळी अजायबघर, दुपारी बाजार, घाई कसलीच नव्हती. एकदा बांगड्यांच्या गल्लीतून रमतगमत येताना एका घड्याळजीच्या अंगात तो कोट दिसला, पितळी बटणासकट. मी काही बोलायच्या आत शांतीलालनं शेजारच्या दुकानातलं लोखंडी वजन उचललं. घड्याळजीचा उजवा हात मेजावर होता. त्या बोटांवर हा मारतच सुटला... रक्त, काचा, घड्याळांची चाकं. हाडं मोडल्याचा आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. मग लोकांनी शांतीलालला तुडवलं, त्याचे पुढचे दात पाडले. चौकीत कळलं की त्या घड्याळजीनं, दाऊदमियांनी, कोट जुन्या बाजारातून घेतला होता, आणि त्या उन्हाळ्यात ते शहराबाहेर गेलेच नव्हते. ती बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. घड्याळाचं काम कायमचं सुटलं.

शांतीलाल शिक्षा भोगून आला. जैन लोक भाद्रपदातल्या संवत्सरीला हात जोडून, ज्याला दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात. बहुतेक जण शेजारीपाजारी उरकतात. शांतीलाल मात्र त्या दिवसासाठी दरसाल हैदराबाद गाठू लागला, कधीमधी मीही असायचो. तो हात जोडून माफी मागायचा. दाऊदमियां हो म्हणायचे नाहीत, नाहीही म्हणायचे नाहीत. चहा मागवायचे आणि आम्हाला शहर दाखवायला निघायचे. त्यांना आता दुसरं काम तरी कुठं होतं? चार दिवस नुसतं भटकणं... मोहल्ले, बागा, अत्तरांची दुकानं आणि फिरून ते अजायबघर. तिथं हत्यारांच्या दालनात वाकडी बोटं काचेला टेकवून ते तलवारींकडे बघत विचारायचे, "तुम्हारे भाई को ऐसीच से मारे क्या?" शांतीलाल मान हलवायचा. मग दोघं पुढच्या दालनात. परतीच्या गाडीत शांतीलाल स्वतःच्याच मांडीवर बुक्क्या मारत बसायचा, आणि मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

यंदा संवत्सरीला मी एकटाच गेलो. शांतीलाल गेल्याचं ऐकून दाऊदमियांनी नेहमीसारखा चहा मागवला. शेवटच्या भेटीत त्यानं तुमच्या माफीबद्दलच विचारायला सांगितलं होतं, असं मी सांगितलं. तो एक शब्द द्यायला तुमचं काय जात होतं, हेही विचारलं.

"माफ किया बोल देता, तो अगले साल कायकु आता था उनो?"

माझं डोकंच फिरलं. त्या शब्दावाचून माझा मित्र तळमळत गेला होता. मी त्यांची गचांडी धरली, हात उगारला. त्यांनी तोंड चुकवलं नाही.

"मारो," ते म्हणाले. "फिर हर साल तुम आना."