एका पायाचं टेबल आणि कोलोरॅडोची घळई

मी ज्या कारखान्यात होतो तिथे माणसाच्या केसाला आम्ही हसायचो. केस म्हणजे आमच्या लेखी विजेचा खांब. सिलिकॉनच्या चकतीवर त्याहून कितीतरी बारीक रेघा उठवायच्या आणि एखादी केसाच्या शंभराव्या हिश्शाने सरकली तरी चकती कचऱ्यात टाकायची. अशा माणसाने एका टेबलाचा एकच पाय कापायला घेतला, तर बिघडून बिघडून काय बिघडणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

ऐंशीच्या दशकातलं आमचं अमेरिकेतलं चँडलर गाव म्हणजे अर्धी नवी घरं आणि अर्धी कापसाची शेतं. यवतमाळहून सासू-सासरे आले, तेव्हा विमानतळावरून येताना सासऱ्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "कापूस दाखवायला इतक्या लांब आणलं का, जावईबापू?"

कापूस नव्हे, दाखवायची होती घळई. सासरे हायस्कुलात भूगोल शिकवायचे. कोलोरॅडो नदीने कोरलेली ती प्रचंड घळई त्यांनी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी फळ्यावर गुलाबी खडूने काढली होती. बायको तर त्यांच्याच वर्गात होती. तिला लग्नाआधी विचारलं असतं की अमेरिकेतला मुलगा चालेल का, तर तिने आधी विचारलं असतं, घळईपासून किती लांब राहतो? आम्ही चारपाच तासांवर राहत होतो. एवढीच काय ती माझी पुण्याई.

त्या प्रवासासाठी मी एक जुना ट्रेलर घेतला होता. ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायची, चाकांवरची खोली. आत शेगडी, छोटा ओटा, आणि खिडकीशी समोरासमोर दोन बाकं. बाकांच्या मध्ये जेवायचं टेबल. झोपताना टेबल खाली उतरवून बाकांच्या कडांवर ठेवलं की त्याचाच पलंग. मोटेलमध्ये आईंना, म्हणजे सासूबाईंना, वरणभात करता येणार नाही, म्हणून हा खटाटोप. मी मोठ्या ऐटीत सासऱ्यांना आत नेलं. ते बाकावर बसले, नेहमीसारखी मांडी घातली, आणि दोन्ही गुडघे टेबलाला खालून असे आपटले की वरचं फळकूटच उडालं.

"पाय खाली सोडून बसा ना, बाबा," मी म्हणालो.

"पाय लोंबकळत ठेवून जेवलं की अन्न पायात उतरते. मग पोटाला काय भेटते?"

घरी ते गालिच्यावर वर्तमानपत्र पसरून जेवायचे, पण ट्रेलरच्या जमिनीवर मांडी घालायला जागाच नव्हती. मधली वाट एवढी अरुंद की दोघं समोरासमोर आले तर एकाने शेगडीवर चढावं. सासऱ्यांनी दोन्हीकडे नजर फिरवली आणि शांतपणे उठले.

"तुम्ही जाऊन या. मी थांबतो घरी. फोटो काढून आणा चांगले."

त्यांच्याशिवाय आई येणार नाहीत, आईंशिवाय बायको येणार नाही, म्हणजे मी कुणाला घेऊन जायचं? पण खरी गोष्ट ती नव्हती. बायको स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून उभी होती. म्हणाली, "अहो, त्या माणसाने जन्मभर पोरांना फोटोच दाखवलाय. आता स्वतःही फोटोच बघायचा का?"

झालं. टेबल उंच करणं भाग होतं.

ट्रेलरचं सामान मिळण्याचं दुकान जवळच होतं. थंडीत उत्तरेकडचे निवृत्त लोक ट्रेलर घेऊन आमच्याकडे यायचे, त्यांच्या जिवावर ते चालायचं. टेबलाच्या पायांची तिथे एक अख्खी भिंत होती. जमिनीतल्या वाटीत खोचायचे चकचकीत नळ, कात्रीसारखे उघडमीट होणारे पाय, बिजागरीवर दुमडणारा एकुलता एक पाय. दुकानदाराने विचारलं, "उंच टेबल कशाला? सासरे फार उंच आहेत का?"

"नाही, ते घडी घालून बसतात," मी म्हणालो.

त्याने पायांच्या भिंतीवर एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, "आमच्याकडे फक्त टेबलं घडीची आहेत."

आमच्या टेबलाला मुळात दोन नळ होते आणि दोन्ही नेमके मांडीच्या वाटेत यायचे. म्हणून मी एकट्या पायाची जात निवडली. टेबलाचं एक टोक भिंतीवरच्या पट्टीत अडकवायचं आणि वाटेकडचं टोक एका पायावर तोलायचं. पट्टी वर सरकवणं सोपं होतं, दुकानातला पाय मात्र हव्या त्या उंचीला पुरेना. मग मी त्या पोकळ नळीत खालून लाकडाचा दांडा ठोकला. तो मुद्दाम लांब ठेवला. थोडाथोडा कापत आणायचा, असा बेत.

आधी सासऱ्यांचं माप घेतलं. ते बाकावर मांडी घालून बसले आणि बायकोने शिंप्याची टेप घेऊन गुडघ्याची उंची मोजली.

"बाबा, श्वास सोडा."

"गुडघ्यात श्वास राहते का ग?"

भिंतीवरची पट्टी त्या मापाला लावली. मग टेबलावर पाणसळ ठेवली, तिच्या काचेतला बुडबुडा पाहिला आणि करवत घेतली. थोडा कापायचा, बुडबुडा पाहायचा, पुन्हा थोडा कापायचा. हिरव्या पाण्यातला तो बुडबुडा दोन रेघांच्या बरोब्बर मधे येऊन बसेपर्यंत मी थांबलो नाही. घाम पुसत बायकोला बोलावलं.

ती दारातूनच म्हणाली, "अहो, पण ट्रेलर तरी सरळ उभा आहे का?"

"पाणसळ ट्रेलरला विचारत नसते," मी म्हणालो. "ती थेट पृथ्वीला विचारते."

हे वाक्य त्यानंतर आमच्या घरात इतक्या वेळा इतक्या निमित्तांनी मला ऐकवलं गेलंय, की माझं मीच ते म्हटलं होतं हे कधीकधी खरं वाटत नाही.

सासऱ्यांनी तालीम घेतली. मांडी घातली, पोळी खाल्ली, वर-खाली हलून पाहिलं. गुडघे मोकळे होते. "थोडं कलल्यासारखं वाटते बाकावर," ते म्हणाले. मी म्हणालो, गादी जुनी आहे. त्यांनी मान डोलावली आणि सासूबाईंना हाक मारली, "माझी बॅग भरा हो. येतो मी."

त्या बॅगेत सगळ्यात आधी गेलं ते त्यांचं टेकण. त्याबद्दल सांगायला हवं. त्यांना रस्सा वाटीत चालत नसे, ताटातच लागे. रस्सा पोळीखाली शिरू नये म्हणून ताटाच्या डाव्या कडेखाली टेकण सारायचं. मग ताट उजवीकडे कलतं, रस्सा तिकडे गोळा होतो आणि पोळी कोरडी राहते. इतर लोक त्याला एखादं झाकण नाहीतर चपटा दगड वापरतात. सासऱ्यांनी सुताराकडून सागवानाची पाचर करून घेतली होती आणि ती विमानातून अमेरिकेत आली होती.

आम्ही सकाळी निघालो. पाइनची झाडं लागली, हवा गार झाली, आणि दुपारी घळईजवळच्या मुक्कामाच्या तळावर आमच्या जागेत मी ट्रेलर उभा केला. जागा सपाट होती, पण मी काही साधासुधा माणूस नव्हतो. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर एक छोटी पाणसळ होती, ती पाहून पुढेमागे करत ट्रेलर अगदी नाकासमोर सरळ केला. घळई तिथून पायी जाण्याइतकी जवळ होती. सासरे म्हणाले, "आधी जेवण. उपाशीपोटी एवढं मोठं काही पाहू नये."

आत कुकरची शिट्टी झाली. आईंनी टेबलावर खिडकीपाशी लिंबू ठेवलं. लिंबू क्षणभर थांबलं, आणि मग कुणी बोलावल्यासारखं टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळत जाऊन वाटेत पडलं.

आईंनी ते उचलून पुन्हा ठेवलं. ते पुन्हा गेलं.

"अहो," बायको म्हणाली. बस, एवढंच.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लिंबाला तिसऱ्यांदा जावं लागलं. आमच्या घराच्या बाजूची जमीन पावसाचं पाणी भिंतीशी साचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला उतरती केलेली होती. ट्रेलर तिथे महिनाभर कललेला उभा होता. मी त्या कललेल्या ट्रेलरमध्ये टेबल पृथ्वीशी सरळ केलं होतं, आणि आता ट्रेलर सरळ झाल्यावर टेबल कललं होतं. केसाच्या शंभराव्या हिश्शाचा मी हिशेब ठेवणारा! आणि कापलेलं लाकूड काही पुन्हा वाढत नाही.

सासरे बाकावर बसून हे सगळं पाहत होते. मला एकच भीती वाटली, की आता ते उठतील आणि म्हणतील, मी गाडीत बसतो, तुम्ही फोटो काढून आणा. बायकोच्या तोंडावरही तेच होतं.

त्यांनी बॅग जवळ ओढली. बॅगेतून टेकण काढलं आणि माझ्या हातात दिलं. "लावा पायाखाली."

मी वाटेत पालथा पडून टेबलाच्या पायाखाली पाचर सारली. टेबल सरळ. लिंबू जागच्या जागी. आईंनी पानं वाढली, वांग्याचा रस्सा सासऱ्यांच्या ताटात घातला, आणि तो शांतपणे चारी बाजूंना पसरत पोळीखाली शिरला.

सासऱ्यांनी ताटाखाली हात घालून पाहिलं. मग खाली माझ्याकडे पाहिलं. मी अजून वाटेतच होतो.

"आता माझ्या ताटाला काय लावायचं?"

मी पायाखालच्या पाचरीकडे पाहिलं.

"काढा ते," ते म्हणाले.

"बाबा, टेबल कलेल."

"कलू द्या ना! डावीकडून उजवीकडेच कलते की नाही?"

मी पाचर काढली. रस्सा पोळीखालून निघाला आणि ताटाच्या उजव्या कडेला जाऊन शिस्तीत उभा राहिला. सासरे भिंतीकडे डावा खांदा करून बसले होते, म्हणजे उतार हवा तिकडेच होता. त्यांनी ओली पोळी बाजूला सारली, दुसरी घेतली, आणि पहिला घास घेऊन म्हणाले, "असं टेबल यवतमाळला कोणी करून देत नाही."

समोरच्या बाकावर मात्र हाहाकार होता. तिथे बसणाऱ्याचा उतार उलटा, म्हणजे रस्सा थेट मीठ, चटणी आणि कोशिंबिरीत. बायकोने दोन घास खाल्ले आणि ताट घेऊन उभी राहिली. "आई, तू बाबांच्या शेजारी बस. आम्ही दुसऱ्या पंगतीला बसतो."

भात आला तेव्हा सासऱ्यांच्या डोळ्यात वेगळीच चमक आली. त्यांनी ताटात भाताचा ढीग थापून सपाट केला, अगदी पठारासारखा. "वरण वाढा. इकडून, वरच्या बाजूने. हळू."

आईंनी वरण सोडलं. ते भाताच्या माथ्यावर थोडं रेंगाळलं, मग त्याला वाट सापडली. एक चीर पडली, ती खोल होत गेली, दोन्ही बाजूंची शितं ढासळली, आणि वरण वळणं घेत ताटाच्या उजव्या कडेला पोचलं.

"पाहा!" त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "पाणी कठीण नसते. खडक कठीण असते. तरी कोण कापते? पाणी. पण केव्हा? जमिनीला उतार असते तेव्हा. सपाट जमिनीवर नुसतं तळं होते." मग माझ्याकडे वळले. "फळ्यावर हे मला कधी दाखवता नाही आलं, जावईबापू."

"बाबा, जेवा आता, गार होतंय," बायको म्हणाली. तिने हे म्हणताना खिडकीबाहेर पाहिलं आणि पदराने नाक पुसलं.

जेवण झाल्यावर आम्ही चालत कड्यापाशी गेलो. तिथे दगडाचा एक बुटका कठडा होता. सासरे त्याच्याजवळच्या बाकावर मांडी घालून बसले आणि समोर पाहत राहिले. एकाखाली एक लाल, पिवळे, जांभळे थर, आणि कुठेतरी फार खोल, दिसेल न दिसेल असा पाण्याचा एक तुकडा. शेवटी आई म्हणाल्या, "अहो, बोला तर काही!"

त्यांनी उजवा हात वर केला. चिमटीत खडू धरल्यासारखा. हवेत एक वळण काढलं आणि हात मधेच थांबला.

"एका रेघेत काढत होतो मी हिला," ते म्हणाले. "अन् पोरांना म्हणायचो, झालं, लिहून घ्या."

बायको त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिनेही मांडी घातली. थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळले. डोळे ओले होते, पण मिशीखाली हसू होतं.

"भात फारच मोठा वाढला बाप्पा इथे."

परत येताना मी त्यांना शब्द दिला की घरी पोचल्याबरोबर नवीन पाय आणतो, या वेळी ट्रेलर सरळ करून कापतो.

"कोणता पाय?"

"टेबलाचा."

ते जागच्या जागी थांबले. "हात तर लावून पाहा," म्हणाले, आणि पुढे चालणाऱ्या सासूबाईंना हाक मारली, "अहो, संध्याकाळी पिठलं करा. पातळ करा!"