चढतानाची अट

कारध्याच्या इश्वरचा डोंगा त्यानं स्वतःच्या हातानं बनवलेला. नदीपलीकडच्या वांग्याच्या वाडीत जायला त्याला तोच लागे. यंदा त्यानं मोबाइलवरून पाण्याची मोटार चालवायचं अ‍ॅप घेतलं. एकदा मोटार आपोआप सुरू झाली ती थांबलीच नाही, आणि उभी वांगी सडली. इश्वरनं फोनवर इतकी बोंब मारली, की शेवटी अ‍ॅपवाल्या कंपनीचा साहेब आला.

वाडी पाहून साहेब म्हणाला, "चूक अ‍ॅपचीच आहे. पण कंपनी जबाबदार नाही. सुरुवातीलाच तुम्ही 'मान्य' दाबलंय, खाली अटी होत्या."

"असं काय," म्हणून इश्वर त्याला परत न्यायला निघाला.

डोंगा सोडताना नदीला हात लावून दोन शब्द पुटपुटायची त्याची रीत. आज तो जरा जास्तच पुटपुटला आणि म्हणाला, "मान्य न, साहेब?"

"हो, हो," फोनमधून डोकं वर न काढता साहेब म्हणाला.

मधे गेल्यावर साहेबाचे बूट भिजले. इश्वरनं तळातल्या भोकावरची टाच हळूच उचलली होती.

"अहो, भोक आहे इथं!"

"हाये न. पन डोंगा बनवनारा जबाबदार नाही. चढतानीच अट सांगतली, तुमी हो म्हनले."

"पुटपुटणं कोण ऐकतं?"

"मंग मी तरी कुठी वाचलं होतं?"

साहेब डोंग्यातल्या डब्यानं पाणी उपसू लागला. उपसता उपसता भरपाई कबूल झाला. तसं त्यानं कंपनीला फोनवर कळवल्यावरच टाच पुन्हा भोकावर गेली.

तिथं खाली वाळूचा उंचवटा होता, पाणी गुडघाभरच. साहेबानं विचारलं असतं, तर इश्वरनं सांगितलंही असतं.