चार दाती मोटार

मोटारीच्या बाबतीत आमच्या घराण्यात माझा शब्द अखेरचा मानत, कारण धुळ्याच्या बाजारात मोटारीचा धक्का खाल्लेला मी एकटाच होतो.

लग्नानंतरची पहिली दिवाळी आली. सासरवाडी जळगावजवळ पिंप्राळ्याला. "तुला मोटारीतून नेईन!" असं मी बायकोला, म्हणजे दुर्गीला, बोलून बसलो आणि तिने ते लगोलग माहेरी कळवून टाकलं! आता बैलगाडीतून उतरलो असतो, तर सासरी तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

धुळ्यातल्या एका वकीलसाहेबांना दोन जुन्या मोटारी काढायच्या होत्या. भाव एकच, हवी ती घ्या. मी, वडील म्हणजे आबा आणि नानाकाका असे आम्ही तिघे पाहायला गेलो. आबा बैलबाजारातले नावाजलेले पारखी, दात मोजून बैलाचं वय सांगणारे. मोटार म्हणजे बैल नव्हे, हे त्यांना सांगायचं सोडून मीच म्हणालो, "आबा, तुम्हीच बघा. बैल काय, मोटार काय, पारख एकच!"

वकीलसाहेबांनी पहिल्या मोटारीचं झाकण उघडलं. आत पांढऱ्या चिनी मातीचे प्लग ओळीने उभे होते. आबांनी मान आत घातली.

"सहा दाती शे. वय व्हयी गयं हिनं."

दुसरीचं झाकण उघडलं. प्लग चारच!

"चार दाती! तरणी शे, भाऊ, तरणी!"

"अहो, काय बोलताय?" वकीलसाहेब कळवळले. "पहिली त्यातल्या त्यात नवी आहे. ही माझ्या सासऱ्यांची, चालून चालून पार खिळखिळी झाली आहे!"

नानाकाका माझ्या कानाशी लागले. "वकील पहिलीनीच तारीफ का बरं करी ऱ्हायना? काहीतरी खोट शे."

मग दोन्ही सुरू करून पाहिल्या. पहिली इतकी गुपचूप चालू झाली की नानांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "गप उभी शे. आजारी दिखस."

चार दाती मात्र सुरू होताच छप्पर, दिवे, दारं आणि वकीलसाहेबांच्या ओट्यावरच्या कुंड्या, सगळं हलू लागलं! "रग देखा रग!" आबा हरखले. नानांनी कौतुकाने तिच्या पाठीवर थाप मारली. मागून असा बार उडाला की नाना थेट शेवंतीच्या वाफ्यात!

"लाथ बी झाडस!" ते वाफ्यातूनच आनंदाने ओरडले.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी जाणकाराच्या थाटात चाकाला लाथ घातली (अंगठा सुजला) आणि निकाल दिला, "चार दातीच घ्यायची. वय कमी, आयुष्य जास्त!" पैसे घेताना वकीलसाहेबांचे डोळे पाणावले. मला वाटलं, मोटारीचा लळा!

दुसऱ्याच दिवशी ती सहा दाती म्हातारी माझ्या साडूने, मेव्हणीच्या नवऱ्याने, घेतली. मला त्याची फार कीव आली. बिचाऱ्याच्या घरी पारख असलेलं कुणीच नव्हतं.

मोटार चालवायला मी पटकन शिकलो. (थांबवायला शिकायची गरज पडली नाही. ती आपली आपण थांबे.) दिवाळीला दुर्गीला शेजारी बसवून निघालो. पारोळ्याच्या पुढे मोटारीने जी बसकण मारली ती मारलीच! मी पाणी पाजलं, धक्का दिला, शेवटी हात जोडले. झाकण उघडलं तर काजळीचा लोट तोंडावर!

तेवढ्यात मागून साडूची मोटार आली. साडू खाली उतरला. त्याने दोर काढला आणि माझी तरणी त्याच्या म्हातारीला बांधली. दुर्गी उतरून पुढच्या मोटारीत बहिणीशेजारी जाऊन बसली. मागे मी एकटा, चाक धरून! पिंप्राळ्यापर्यंत साडूच्या मोटारीने उडवलेली धूळ माझ्या तोंडावरच्या काजळीवर थरावर थर बसत गेली.

दारात सासरेबुवा उभेच होते. त्यांनी साडूला मिठी मारली, मोटारीवरून हात फिरवला आणि विचारलं, "आन् मांगली कोनी शे?"

"ती ना, दादा?" दुर्गी डोळ्याची पापणी न लववता म्हणाली. "वाटमा सापडनी!"

सासरेबुवांनी वाकून माझ्याकडे निरखून पाहिलं. "आन् हाऊ डायवर?"

तोंड पुसायला मी उपरणं वर नेलं, क्षणभर विचार केला आणि तसंच खाली ठेवलं.

"तिनासंगेच सापडना, मालक!"