चौथ्या डब्यातला पंप

तिसरं रीळ संपलं, मी चौथ्या डब्यातली फिल्म चढवली आणि पडद्यावर पाण्याचा पंप आला.

साठच्या दशकात मी दुबईत एका जर्मन कंपनीच्या कॅम्पवर प्रोजेक्टर ऑपरेटर होतो. टीव्ही आमच्यापैकी कुणी पाहिलाही नव्हता. जर्मन इंजिनियरांसाठी त्यांच्या टीव्हीवरची नाटकं फिल्मवर उतरवून यायची. एक नाटक चार रिळांचं. त्या शुक्रवारी दुपारी क्लाउस साहेबांनी ऑर्डर काढली, इंडियन स्टाफलाही दाखवा. जर्मन मला येत नव्हतं. साहेबांनी गोष्ट इंग्रजीत टाइप करून दिली. ती माइकवर हिंदीत सांगायचं काम माझं.

गोष्ट अशी. एका घड्याळजीचा मुलगा. बापाने एकदा शाब्बास म्हणावं, एवढीच त्याची इच्छा. मुलगा शाळेत पहिला येतो. बाप म्हणतो, "पाय पुसून आत ये." मुलगा डॉक्टर होतो. बाप म्हणतो, "पाय पुसून आत ये." पत्र्याच्या शेडमध्ये साठेक माणसं होती, बरीचशी रत्नागिरी-रायगडची. बाप बहुतेकांचे तसलेच. तिसऱ्या रिळाच्या शेवटी मुलगा स्वतः बनवलेलं घड्याळ बापापुढे ठेवतो. बाप चष्मा शोधायला लागतो. शेडमध्ये कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

आणि आता पंप. कंपनीची ट्रेनिंग फिल्म चुकून त्या डब्यात आली होती.

मशीन बंद करायला हवं होतं. पण पहिल्या रांगेत माझे अब्बा बसले होते. ते कॅम्पवरच सुतारांचे मुकादम. माझं काम बघायला पहिल्यांदाच आले होते. माझा हात स्विचकडे जाईना. पडद्यावर पांढऱ्या केसांचा एक मेकॅनिक पंपावर फडकं फिरवत होता.

मी माइकवर म्हणालो, "बाप को बहुत पछतावा हुआ. उसने घड़ी का धंदा छोड़ दिया."

"आणि पंपाचा धरला?" हसनमियां गवंडी ओरडले.

"बेटे के दवाखाने में पानी नहीं था. बाप खुद पंप बिठा रहा है."

"माशाल्ला!"

मेकॅनिकने व्हॉल्व्ह उघडला. पाणी धो धो आलं. त्याने पंपावर थाप मारली. मी म्हटलं, "शाबाश, बेटा!" शेड टाळ्यांनी दणाणली. हसनमियां पंच्याने डोळे पुसत होते.

मागे उभ्या क्लाउस साहेबांना हिंदी कळत नव्हती, पंप कळत होता. "ही माणसं रडतायत का?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं.

"मेंटेनन्सवर फार जीव आहे, सर."

त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी अब्बांना विचारलं, "कसं वाटलं?"

"आवाज कमी होता." चार पावलं चालून ते म्हणाले, "सांगितलंस बरं." तेवढ्यावर मी महिनाभर हवेत होतो.

दीड महिन्याने खरं चौथं रीळ आलं. मी ते इमानदारीने लावलं. त्यात बाप चष्मा घालतो, घड्याळाला कान लावतो, म्हणतो, "दोन मिनिटं मागे आहे," आणि जेवायला बसतो. खलास. लोक खवळले. "हा कुठला बाप? आपला पंपवाला लाव!" शेवटी पंप पुन्हा लावावा लागला. पुन्हा टाळ्या. साहेब इतके खूश झाले, की त्यांनी माझी बदली मेंटेनन्समध्ये केली. पंप मी तोवर फक्त पडद्यावर पाहिला होता.

शो सुरू करण्याआधी प्रत्येक डब्यातली वीतभर फिल्म उजेडात धरून बघावी. मी बघितली नाही. पुढची अकरा वर्षं पंपांना ग्रीस लावण्यात गेली.