वाकलेला माणूस

आपल्याकडे कुत्रं हाकलायला दगड लागत नाही, नुसतं वाकलं तरी पुरतं. नाल्यातून काढलेलं हे पिल्लू माझ्याकडे आलं, तेव्हा त्याला माणसांबद्दल एवढंच ठाऊक होतं. मी चपलेचा पट्टा लावायला वाकले, तरी ते पलंगाखाली जाऊन मुतायचं.

त्याला कायमचं घर मिळेपर्यंत माणसाळवायचं, हे माझं काम. महिनाभर मी दिवसातून पन्नासदा वाकले आणि दरवेळी माझ्या मुठीतून पोळीचा तुकडा निघाला. माझी कंबर गेली, पण त्याची भीतीही गेली.

आज सकाळी त्याला खाली नेलं. तळमजल्यावरचे काका आम्हाला बघताच वाकले, गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांसाठी रोज वाकतात तसेच. पिल्लू शेपटी हलवत थेट त्यांच्याकडे धावलं आणि त्यांची रिकामी मूठ चाटू लागलं.

"हे घाबरत कसं नाही?" काका चिडले. "बिघडवलंत तुम्ही त्याला!"

मी त्यांना नको नको ते बोलले. अख्ख्या सोसायटीने ऐकलं, बरंच झालं. पण जिना चढताना तोच राग माझ्यावर उलटला. आम्हा माणसांच्या जातीबद्दल या जिवाला एकच खरी गोष्ट कळली होती, आणि तीच मी पोळी चारून चारून पुसून टाकली होती.

रविवारी त्याला न्यायला लोक येणार आहेत. चांगले आहेत म्हणे. ते दारात वाकतील आणि हे धावत जाईल, मुठीत काय आहे ते न बघता.