मागच्या पडवीतला वारा

आमच्या हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या घरात कूलर आला तो माणसांसाठी नाही, टीव्हीसाठी. रंगीत टीव्ही घेताना दुकानदाराने बाबांना सांगितलं होतं, "साब, नाजूक चीज है. गरम होने नक्को देव इसको." बाबा सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासणारे, बापाचंही ऐकणारे नव्हेत; पण हे एक वाक्य त्यांनी गुरुमंत्रासारखं घेतलं. पुढच्याच उन्हाळ्यात म्हशीच्या पारड्याएवढा लोखंडी कूलर पुढच्या खोलीच्या खिडकीत बसला. त्याचं तोंड टीव्हीकडे, टीव्हीसमोर आरामखुर्ची, आणि खुर्चीत, टीव्हीच्या प्रकृतीवर लक्ष ठेवायला म्हणून, बाबा. वारा असा की बातम्या सांगणाऱ्या बाईला मी एकदा आतल्या आत पदर सावरताना पाहिलं आहे. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

आई स्वयंपाकघरात. तिच्या आणि कूलरच्या मध्ये दोन भिंती, एक पडदा आणि आमची आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन भावाकडे आली आणि आल्या दिवशीच देवघर ताब्यात घेतलं. तिचं नाक इतकं तिखट की सोवळ्यातल्या भांड्याला कुणाची सावली लागली तरी तिला वास यायचा.

आता काचीगुड्याचा उन्हाळा. आमच्या गच्चीवर पापड वाळत घालायची सोय नव्हती, ते थेट भाजूनच खाली यायचे. पण त्या भट्टीसारख्या घरात एक जागा गार होती. मागची पडवी. तिच्यापुढे रेल्वेचं मोकळं रान, कडेला एक कडुनिंब, भिंतीशी पाण्याचे दोन रांजण. रुळांवरून निघालेला वारा वाटेत कुठे अडकायचा नाही, रांजणांना घासून गार होऊन यायचा. आणि ही पडवी होती बाहेर बसायची. घरातल्या बाईला कावळा शिवला की तिने तिथे चटईवर बसायचं, कशाला हात लावायचा नाही, ताट लांबून सरकवलं जाईल तेवढं खायचं. घरातली सगळ्यात चांगली जागा आपण विटाळाला देऊन टाकली आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि ज्यांच्या लक्षात आलं होतं, त्या बोलणार नव्हत्या.

मला पहिल्यांदा कावळा शिवला तेव्हा मी त्या चटईवर बसून इतकी रडले की दोन्ही रांजण माझ्याच पाण्याने भरले असतील. शेजारच्या तेलुगू घरातल्या माझ्या मैत्रिणीचं हेच झालं तेव्हा तिला रेशमी परकर, फुलं, आरती, सगळ्या गल्लीला तीळगुळाचे लाडू. मला चटई. आई ताट सरकवायला आली आणि उंबऱ्याच्या आत उकिडवी बसून हळूच म्हणाली, "रडतेस काय वेडे. वारा बघ."

"मला नको वारा."

"नको कसा. लग्न झाल्यावर कळेल. महिन्यातून तीन दिवस पोळपाट नाही, शेगडी नाही, कुणी हाक मारत नाही. देवाने एवढंच दिलंय. नाव मात्र घेऊ नकोस कुणापुढे."

मी नाव घेतलं नाही. तोवर टीव्हीवर त्या पॅडच्या जाहिराती सुरू झाल्या होत्या. हसऱ्या मुली पांढऱ्या पँटी घालून उड्या मारायच्या, आणि जाहिरात लागली की बाबांना नेमकी खोकल्याची उबळ यायची. सगळा देश म्हणे बदलत होता, बाजार उघडत होते. आमच्या घरी पॅड आले, कूलर आला, केबल आली. चटई तिथेच होती.

लग्न होऊन मी सिकंदराबादला गेले आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, ती बरोबर मे महिन्यात. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून मला आतल्या खोलीत कोंडलं. खिडक्या बंद, फटींत चिंध्या, कानाला फडकं, खाटेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि शेपा. मी बाळंतीण होते की तंदुरी, हे पाहुण्यांना नीट सांगता आलं नसतं. तेलपाणी करायला आलेली बाई माझ्याआधी स्वतःच घामाने न्हायची. मी म्हटलं, "आत्या, निदान एक खिडकी."

"आज खिडकी उघडशील आणि म्हातारपणी गुडघे धरून रडशील. आम्ही काय मेलो?"

आत्याला मूलबाळ नव्हतं. पण बाळंतपणाबद्दल तिच्याइतकं कुणालाच कळत नसे.

त्या खोलीत माझ्यासोबत दिवसभर असायची आई. आणि आईचं काहीतरी बिनसलं होतं. बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असायची आणि एकदम छातीपासून लाल होत जायची. मान, कान, कपाळ. चेहऱ्यावर एवढ्या वाफा की माझी शेगडी तिच्यापुढे बर्फाची लादी वाटावी. बाळ माझ्याकडे ढकलून ती पदराने वारा घ्यायची, पोलक्याची बटणं सोडायची, परत लावायची. मग तेवढ्याच झपाट्याने घामाने गार.

"काय होतंय आई?"

"काही नाही. उष्ण पडलं असेल."

आत्याने सब्जा दिला, गुलकंद दिला, तळपायाला तूप चोळलं. एकदा आई घामाघूम होऊन पुढच्या खोलीत कूलरच्या बाजूला उभी राहिली, तर बाबा म्हणाले, "अगं सरक. तुझ्यामुळे हवा अडते." सेटची हवा अडत होती. ती सरकली.

आणि दुसऱ्या दिवशी आईला कावळा शिवला. पडवीत गेली. तीन दिवस आत्याने स्वयंपाक केला, माझं बाळंतपण केलं, भांडी आपटली. चौथ्या दिवशी आई न्हाऊन आत आली, चेहरा टवटवीत. पंधरवडा उलटला नाही तोच परत कावळा. पुढच्या खेपेला त्याहून लवकर. त्या उन्हाळ्यात हैदराबादचे सगळे कावळे आमच्याच आईवर टपून बसले होते.

माझ्या खोलीची मागची खिडकी पडवीवर उघडायची. म्हणजे उघडायची नाही, पण एका फटीतली चिंधी मी बोटाने उकरून ठेवली होती; त्या फटीला नाक लावूनच मी सव्वा महिना जगले. तिथून मला दिसलं. आई रांजणापाशी बसून कापडं धूत होती. घडीची, कोरडी, स्वच्छ कापडं. एकेक पाण्यात बुडवायची, दगडावर आपटायची, दात खाऊन पिळायची आणि पंच्याखाली झाकून दोरीवर टाकायची. मग चटईवर पाय पसरून, डोळे मिटून, वाऱ्याकडे तोंड करून बसली. राणीसाहेब.

"आई, डागच नाही तर धुतेस काय?" मी फटीतून विचारलं.

ती दचकली. मग खिडकीशी आली. "हळू बोल. ती गेली गं. दिवाळीतच गेली."

"मग इथे कशाला?"

"मग कुठे जाऊ? अंग पेटतं माझं. गेली म्हणून सांगितलं तर बारा महिने चुलीपाशी. तुझ्या आत्याला वाटेल, झाली मोकळी. मला मोकळं व्हायचं नाही."

आत्याची कंबर मात्र मोडली होती. ती वाईट बाई नव्हती असं मी कधीकधी म्हणते, आणि मग ते पुरणपोळीत खडा लागावा तसं दाताखाली येतं. तिने बाबांना सांगितलं, "हिला जास्तच जातंय. महिन्यातून दोनदा, तीनदा. अंगातलं सगळं रक्त जाईल, मग रडू नकोस." बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्या घरात एवढं झालं म्हणजे प्रकरण गंभीर.

हिमायतनगरच्या बाजूला तेव्हा नवी नवी नर्सिंग होम उगवत होती, पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तशी. काचेची दारं, दारात कुंड्या. त्यातल्या एकात आईला नेलं. मी तिथे नव्हते, माझे कान बांधलेले होते. पण आत्याने आल्यावर सगळं साग्रसंगीत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "महिन्यातून कितीदा अम्मा?" उत्तर आत्याने दिलं. "किती दिवस?" आत्याने दिलं. "दुखतं?" तेही आत्यानेच. बाईंनी आईचं पोट वरवर दाबलं, हात धुतला आणि म्हणाल्या, पिशवी खराब झाली, काढून टाकू, या वयात तिचा उपयोग काय, आणि उद्या कॅन्सर निघाला तर?

"आणि आई काय म्हणाली?"

"काय म्हणणार. घाबरली. बाहेर आल्यावर एका खोलीच्या दारात मात्र उभीच राहिली. एसीची खोली होती. नर्सला म्हणते, मला हीच मिळेल का?"

मी खाटेवरून उठले. कानाचं फडकं सोडलं, दार उघडलं आणि पुढच्या खोलीत, कूलरच्या थेट वाऱ्यात, बाबा आणि टीव्ही यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आईला काहीही झालेलं नाही. तिची पाळी गेलीय. ती खोटंच बसते बाहेर. तिला वारा पाहिजे, बस्स. कूलर फिरवा आणि ऑपरेशन रद्द करा."

बाबांना खोकला आला. जाहिरात नव्हती, तरी आला.

आत्या धावली. "अगं बाई, वारं लागलं पोरीला. बाळंतवात. डोक्यात गेलाय."

"डोक्यात काही गेलं नाही. आईला विचार."

आई दारात उभी. बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही, टीव्हीकडे बघून विचारलं, "खरं आहे का हे?"

आईने हो म्हणायला काय हरकत होती, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला विचारलं. तेव्हा कळलं नाही, आता कळतं. हो म्हणणं म्हणजे नवऱ्यापुढे, नणंदेपुढे कबूल करणं, की मी धडधाकट असताना तुम्हाला राबवलं आणि स्वतः वारा खाल्ला. त्यापेक्षा पोट फाडून घेणं सोपं. ती म्हणाली, "पोरीला काय कळतंय. ओली बाळंतीण आहे ती. तिला आत न्या."

मला आत नेलं. शेगडीत ओवा दुप्पट टाकला.

सव्वा महिना संपल्यावर मी बाळाला घेऊन नर्सिंग होममध्ये गेले. आई एसीच्या खोलीत, हनुवटीपर्यंत पांघरूण. चेहरा चुन्यासारखा, पण हसत होती. पांघरुणातून हात बाहेर काढला आणि म्हणाली, "हे बघ, काटा आलाय अंगावर. थंडी वाजतेय मला." तो हात तिने मला असा दाखवला जशा बायका नव्या पाटल्या दाखवतात. पलीकडच्या खाटेवरची बाई तेलुगूतून एसी बंद करा म्हणत होती, तर आई मला म्हणाली, "तिला सांग, दोन दिवस सोस म्हणावं. मला घरी जायचंय परत."

घरी आली. वाफा गेल्या नाहीत. दुप्पट झाल्या. पिशवी काढताना आणखी काय काय काढलं होतं ते तिला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आत्याने तिची दृष्ट काढली, साखर हातावर ठेवली आणि म्हणाली, "सुटलीस बाई. आता कावळा नाही की चिमणी नाही. बारा महिने देवाचं करायला मोकळी." आणि जपमाळ घेऊन कूलरच्या खोलीत जाऊन बसली. चटई गुंडाळून माळ्यावर गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. भर दुपारी लाईट गेली. कूलर बंद, टीव्ही बंद, पुढची खोली तव्यासारखी तापली. बाबा बनियनवर घरभर फिरत फिरत शेवटी मागे गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर रांजणापाशी, आईच्या जागेवर, आरामखुर्ची टाकून पाय पसरून बसलेले. जन्मात पहिल्यांदा. आत्याही माळ घेऊन शेजारी.

आई पन्हं घेऊन आली. लाल झालेली, मानेवरून घाम ओघळत होता, आणि पेले मात्र न सांडता धरलेले.

बाबा म्हणाले, "काय हवा आहे गं इथे. इतकी वर्षं बोलली नाहीस कधी?"

"तुम्हाला कुठे कधी कावळा शिवला," आई म्हणाली.

बाबा हसले. त्यांना ती गंमत वाटली. आत्या हसली नाही. ती माळ धरून दोरीकडे बघत राहिली, पंच्याखाली काहीच नसलेल्या दोरीकडे. तिला तेव्हा कळलं असावं.

तेवढ्यात लाईट आली. आत टीव्ही आपोआप ओरडायला लागला आणि बाबा पेला घेऊन उठले, सेट तापेल म्हणून. आई रिकाम्या खुर्चीपाशी उभी राहिली. खुर्चीच्या पाठीवर तिने हात ठेवला. वारा होता. कडुनिंब हलत होता.

"अगं," आत्या पाय ओढत आत जाता जाता म्हणाली, "उद्या एकादशी आहे. साबुदाणा भिजत घालायचाय."

आईने खुर्ची उचलली आणि आत नेऊन कूलरसमोर ठेवली.